गावठी म्हणजे कुठल्या गावचा

मालन गेली तेव्हा मी गिरणीत उभा होतो. ज्वारी दळून झाली होती, गव्हाचा डबा अजून रांगेत होता. तेवढ्यात हौसाक्का पदर सावरत धावत येताना दिसली. हौसाक्काचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. या बाईला मी कधी धावताना पाहिलं नव्हतं. गिरणीच्या आवाजात ती काय म्हणते ते कळेना. मी हाताने विचारलं, काय? तेव्हा तिने गिरणीवाल्याला ओरडून गिरणी बंद करायला लावली. पट्टा थांबेपर्यंत सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आण्णा, घरी चला. मालनताई उठंना."

"उठंना म्हणजे?"

"चला तुमी."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मालन आडवी पडली होती. कुणीतरी तिच्या डोक्याखाली पाट सरकवला होता. बिहू, आमचा कुत्रा, तिच्या पायाशी बसून होता आणि खोकत होता. डॉक्टर आले, त्यांनी छातीला नळी लावली आणि हृदय बंद पडलं म्हणाले. संक्रांत होऊन चारदोन दिवस झाले होते. तिळाच्या वड्यांचा डबा अजून ओट्यावरच होता.

आम्हाला मूलबाळ नव्हतं. माझी सगळी नोकरी आसामात झाली. दुलियाजान नावाच्या गावी, तेलाच्या विहिरींवर मी फिटर होतो. निवृत्त झाल्यावर सांगोल्याला परत येऊन घर बांधलं. त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती.

सुतकाच्या दिवसांत माणसं येत होती, बसत होती, चहा पीत होती. मला रडू येत नव्हतं. का येत नव्हतं ते मला सांगता येणार नाही. पाहुण्यांना ते खटकत होतं. मालनची थोरली बहीण एकदा माझ्यासमोरच म्हणाली, "ह्या माणसाचं काळीज दगडाचं हाय."

हौसाक्काने तिला गप्प केलं. "दगडाचं कशाला? काहींचं आतल्या आत असतंय. त्या कुत्र्याकडं बघा जरा. मुकं जनावर, पर अन्न सोडलंय त्यानं."

सगळ्यांनी बिहूकडे पाहिलं. तो खरंच खात नव्हता. मालनच्या जुन्या साडीवर पडून असायचा. अधूनमधून कोरडा खोकला यायचा, मान पुढे काढून, घशात काही अडकल्यासारखा. त्यानंतर जो येईल त्याला मी बिहूकडे बोट दाखवायचो. "दुःख धरलंय त्याने," म्हणायचो. मग लोक त्याच्याशेजारी बसायचे, डोक्यावरून हात फिरवायचे, डोळे पुसायचे. माझ्यावरचं ओझं कमी व्हायचं. घरात कोणीतरी रडतंय एवढं पुरेसं होतं.

दिवस सरले, पाहुणे गेले. बिहूचा खोकला गेला नाही. बरगड्या दिसायला लागल्या. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत नेलं तरी धापा टाकायचा आणि मध्येच खाली बसायचा. मी त्याला डॉक्टर खटकाळ्यांकडे नेलं. खटकाळे जनावरांचे डॉक्टर. दिवसभर गाई-म्हशी, रविवारी बैलबाजार, माणूस कामाने पिचलेला. तरी त्यांनी बिहूला टेबलावर घेऊन नीट तपासलं.

"कुठलं हो हे, आण्णा?"

"गावठी."

"मग काळजी नको. गावठी काटक असतंय. ते विकतचं असतं ना, मोठ्या जातीचं, तर मी घाबरलो असतो." त्यांनी बिहूच्या पापण्या ओढून पाहिल्या. "खाणं?"

"मालन गेल्यापासून टाकलंय."

खटकाळ्यांचा हात थांबला. मालनला ते ओळखत होते. ती स्कूटीवर पुढच्या पायदानावर बिहूला उभा करून सुया टोचायला आणायची. आसामात असताना ती स्कूटी चालवायला शिकली होती. सांगोल्यात तिच्या वयाची दुसरी बाई तेव्हा स्कूटी चालवत नव्हती, म्हणून सगळं गाव तिला ओळखायचं.

"मुक्या जनावराला जास्त लागतंय, आण्णा," खटकाळे म्हणाले. "आपण बोलून मोकळं होतो. त्याला बोलता येत नाही."

त्यांनी जंताची गोळी दिली, ताकदीचं औषध दिलं, खोकल्यासाठी इंजेक्शन दिलं. आठवडाभर बरं वाटलं. मग पुन्हा तेच. पुन्हा गेलो, पुन्हा औषध. एप्रिल संपत आला तेव्हा बिहूचं पोट फुगायला लागलं होतं आणि पाय काटक्या झाले होते.

मालनची स्कूटी तिच्यानंतर तशीच उभी होती. बॅटरी उतरेल म्हणून मी ती कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे दिली होती. एका सकाळी तो ती चालवत दारात घेऊन आला. बिहू आतल्या खोलीत पडला होता. आवाज ऐकला आणि उठून सुटला. कित्येक महिन्यांत मी त्याला पळताना पाहिलं नव्हतं. सोपा ओलांडला, अंगण ओलांडलं, फाटकाशी पोचला आणि चारी पाय ताठ करून आडवा झाला. जीभ निळी पडली होती.

मेकॅनिकने स्कूटी भिंतीला टेकवली आणि डोकं धरून खाली बसला. हौसाक्का भिंतीवरून ओरडली, "अगं बाई! मालन आली वाटलं गं त्याला!" आणि तिथेच हमसून रडायला लागली.

मी त्याच्या तोंडावर पाणी मारलं, छाती चोळली. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले आणि शेपूट जमिनीवर एकदा आपटलं. मेली होती माझी बायको, आणि तिची गाडी ऐकून मरायला निघाला होता कुत्रा. मला एवढंच कळत होतं की हा गेला तर त्या घरात तिला ओळखणारं दुसरं कोणी उरणार नाही.

खटकाळे घरी आले. बराच वेळ छातीला नळी लावून ऐकत राहिले.

"आण्णा, हे माझ्या हातातलं राहिलं नाही. आत भलताच आवाज येतोय. कॉलेजला न्या."

जनावरांच्या डॉक्टरांचं ते मोठं कॉलेज पुण्याच्या वाटेवर आहे. मी भाड्याने ओम्नी केली, मागची सीट काढून साडीसकट बिहूला आत ठेवलं आणि निघालो. वाटेत ड्रायव्हरने विचारलं, "एवढा खर्च गावठी कुत्र्यावर?" मी मागे वळून बिहूवर हात ठेवला.

कॉलेजात आम्हाला एका बाईंकडे पाठवलं. डॉक्टर पाखरे. चाळिशीच्या असतील. टेबलावर त्यांचा डबा अर्धा खाल्लेला उघडाच होता. तो बाजूला सारून त्या बिहूजवळ आल्या आणि आधी त्याला हात हुंगू दिला.

"काका, कुठला हा?"

"गावठी."

"ते मला दिसतंय. कुठल्या गावचा?"

मला प्रश्न कळला नाही. "म्हणजे?"

"गावठी म्हणजे कुठल्या तरी गावचाच ना? तुमच्या सांगोल्यातच जन्मला का?"

"नाही. दुलियाजानला."

"ते कुठं आलं?"

"आसामात. वरच्या आसामात."

बाईंनी हातातला पेन खाली ठेवला. "किती दिवस होता तिथं?"

"दोन वर्षांचा होईपर्यंत. शेजारणीच्या कुत्रीचं पिल्लू. मालननं ठेवून घेतलं."

"आणि हे तुम्हाला आजवर कुणी विचारलं नाही?"

"विचारलं की. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, कुठलं हे म्हणून."

"मग?"

"मी गावठी म्हणालो."

त्यांनी सुई उचलली. बिहूच्या पुढच्या पायातून रक्त घेतलं, एक थेंब काचेवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकात डोळा लावला. लगेच मागे सरकल्या आणि मला म्हणाल्या, "या. बघा."

मी फिटर माणूस. तसल्या यंत्रात कधी पाहिलं नव्हतं. आधी नुसता उजेड दिसला. मग गोल गोल ठिपके, आणि त्या ठिपक्यांना ढकलत काहीतरी वळवळत होतं. केसापेक्षा बारीक. एक नाही, अनेक. जुन्या पिठात अळी झाली की पीठ जागच्या जागी हलतं, तसं ते रक्त हलत होतं.

"ही पिल्लं," बाई म्हणाल्या. "मोठे किडे हृदयात आहेत."

दुसऱ्या खोलीत सोनोग्राफी केली. पडद्यावर हृदय उघडमीट करत होतं आणि त्यात दोन समांतर पांढऱ्या रेघा दिसत होत्या, गणितातल्या बरोबरच्या खुणेसारख्या. एक पुसली की दुसरीकडे उमटायची.

"हे डासातून होतं, काका. डास एका कुत्र्याला चावतो, मग दुसऱ्याला. पण सगळीकडे नाही होत. आसाम, मणिपूर, मिझोराम, तिकडे पाऊस आहे, ओल आहे, तिकडे हे नेहमीचं. केरळकडे याचा भाऊबंद सापडतो, तो कातडीखाली राहतो, एवढा जीव घेत नाही. आपल्या भागात हे इतकं क्वचित की मी मुलांना चित्रात दाखवते. खटकाळे डॉक्टरांना नाव ठेवू नका. सांगोल्याच्या कुत्र्यात हे कोण शोधेल?"

"पण तिथून येऊन चार वर्षं झाली."

"हे किडे वर्षानुवर्षं जगतात. हळूहळू जागा भरत जातात. खोकला कधीपासून आहे?"

"मालन गेल्यापासून. माझी बायको. जानेवारीत गेली. दुःख धरलं त्यानं."

"त्याआधी अजिबात नव्हता? नीट आठवा."

मी नाही म्हणणार होतो. मग मालनचा आवाज आठवला. दिवाळीच्या आधी, करंज्या लाटता लाटता ती म्हणाली होती, "अवं, बिहू ठसकतोय बघा कवाधरनं. हाड अडकलं का काय?" मी तोंडात बोटं घालून बघितलं होतं. काही नव्हतं.

"होता," मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "आठवण काढत असेलही तो, काका. मी नाही म्हणत नाही. पण हे त्यानं नाही झालं."

उपाय सोपा नव्हता. जे इंजेक्शन लागतं ते सहजी मिळत नाही, आणि मिळालं तरी बिहूची अवस्था पाहता धोका होता. किडे एकदम मेले तर फुप्फुसाच्या नळ्यांत अडकतात आणि त्यानेच कुत्रा जातो. म्हणून सावकाश जायचं. महिन्याला एक गोळी, सोबत दुसरं औषध, आणि पूर्ण विश्रांती.

"पळू द्यायचं नाही. भुंकायला लावायचं नाही. जिना नको. कुणी आलं की अंगावर उड्या मारतो ना, ते नको. आनंदसुद्धा जपून, काका. आणि डासांपासून जपा. तो वाचावा म्हणून आणि शेजारच्या कुत्र्यांना लागू नये म्हणूनही."

मी निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. "तिकडच्या डॉक्टरांचा यात हात बसलेला असतो. तुमच्या ओळखीचं कुणी आहे का तिथं? मला नंबर मिळाला तर मी बोलेन."

परतीच्या वाटेवर मी बिहूजवळ मागेच बसलो. तो साडीवर डोकं टेकून झोपला होता. तो रडत नव्हता. कधीच रडत नव्हता. त्याच्या हृदयात किडे होते आणि तो खोकत होता. इतके महिने घरात मी एकटाच होतो. कुठला तरी घाट उतरताना माझ्या तोंडून आवाज निघायला लागला. ड्रायव्हरने आरशात पाहिलं, गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून लांब जाऊन उभा राहिला. चांगला माणूस होता.

दारात हौसाक्का वाटच पाहत होती.

"काय म्हणाले डॉक्टर? दुःखच हाय न्हवं?"

"न्हाय अक्का. डास."

"डास?"

"डास चावलाय त्याला. आसामात."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की आता माझंही काही खरं नाही.

रात्री झोपायला मी आसामातली मच्छरदाणी काढली. दोघांची, मोठी, निळी. सांगोल्यात आल्यावर मालनने धुऊन, डांबरगोळ्या घालून पेटीत ठेवली होती. ती मी सोप्यात बांधली, आत साडी टाकली, बिहूला ठेवलं. तो एकटा आत राहीना. मग मीही आत झोपलो. सकाळी हौसाक्काने भिंतीवरून पाहिलं.

"आण्णा, नवी नवरी हाय का काय त्यो? मच्छरदाणीत घेऊन झोपलाय!"

कित्येक दिवसांनी मला हसू आलं. स्कूटी मी ताडपत्री घालून मागच्या बाजूला नेऊन ठेवली. ती चालू करायची नव्हती.

राहिला होता फोन. आसामात ओळखीची एकच. रुनू गोगोई, आमची शेजारीण. बिहू तिच्याच कुत्रीचा. आसामच्या नववर्षाला, बोहाग बिहूला जन्मला म्हणून रुनूनेच ते नाव ठेवलं होतं. ती मालनला बायदेउ म्हणायची, म्हणजे मोठी बहीण. दर बिहूला तिचा फोन यायचा. अर्धा तास दोघी मोडक्या हिंदीत बोलायच्या आणि हसायच्या. तिचा नंबर मालनच्याच फोनमध्ये होता. मालन गेल्यापासून तो फोन कपाटात बंद पडला होता. मी तो चार्जिंगला लावला. चालू झाल्याबरोबर मेसेज यायला लागले. एप्रिलमध्ये, बोहाग बिहूच्या दिवसांत, रुनूने पुन्हा पुन्हा फोन लावला होता.

मी लावला. एकदाच वाजला आणि तिने उचलला.

"बायदेउ! कितना फोन किया! मर गई क्या?" आणि ती खळखळून हसली.



"रुनू, मैं दादा बोल रहा हूँ."

"अरे दादा! बायदेउ कहाँ है?"

मी उंबऱ्याकडे पाहिलं. "बिहू बहुत बीमार है," मी म्हणालो.

मी सगळं सांगितलं. खोकला, पोट, रक्तातल्या अळ्या. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हार्ट का कीड़ा है दादा. इधर तो कुत्ता दो बार खाँसे तो डॉक्टर पहले वही देखता है. उसकी माँ भी उसी में गई. मैंने बायदेउ को नहीं बताया, रोएगी करके." तिने तिथल्या डॉक्टरांचा नंबर दिला. ते आणि पाखरेबाई पुढे कितीदा तरी एकमेकांशी बोलले. बिहूच्या गोळ्यांचं माप त्या दोघांनी मिळून ठरवलं.

फोन ठेवताना रुनू म्हणाली, "बायदेउ को दो ना."

"चक्की पे गई है," मी म्हणालो.

तोंडाला तेच आलं.

"गुस्सा है क्या मुझसे?"

"नहीं, नहीं. आएगी तो बोलता हूँ."

बिहू वाचला. वर्ष गेलं त्यात. उन्हाळा गेला, पावसाळ्यात एकदा पुन्हा भोवळ आली, तेव्हा आता संपलं असं वाटलं होतं. पण हळूहळू पोट उतरलं, तो भाकरी मागायला लागला. पुढच्या बोहाग बिहूनंतर पाखरेबाईंनी पुन्हा रक्त पाहिलं. बराच वेळ पाहिलं, मग मला डोळा लावायला सांगितला. गोल ठिपके होते. बाकी काही हलत नव्हतं. खटकाळे डॉक्टरांनी ते ऐकलं आणि त्यानंतर दारात येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याच्या मालकाला ते विचारायचे, "कुठल्या गावचं?" बाजारात याची थट्टा व्हायची.

रुनूचा फोन दर बिहूला यायचा. आता माझ्याच फोनवर. मी बिहूचं सांगायचो, काय खाल्लं, किती फिरला. ती तिथल्या पावसाचं सांगायची. शेवटी ती बायदेउचं विचारायची. मी म्हणायचो, देवळात गेलीय. बहिणीकडे गेलीय. चक्कीवर गेलीय. नंतर नंतर ती विचारताना जरा थांबायची, आणि मी सांगितलं की "अच्छा दादा" एवढंच म्हणायची. तिला कळलं होतं की नव्हतं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, तिने म्हटलं नाही.

बिहू पुढे पाच वर्षं जगला. म्हातारा होऊन, मच्छरदाणीत, झोपेत गेला. मागच्या परसात शेवग्याखाली त्याला पुरला. हौसाक्काने वर हळद-कुंकू टाकलं. या वेळी मी सगळ्यांदेखत रडलो.

काल माघ बिहू होता, आपल्या संक्रांतीच्या वेळचा. रुनूचा फोन दोनदा वाजला. मी उचलला नाही. तिला आता दोघांचंही सांगायचं राहिलं आहे.